फोनवरचं नाव मालकाचं की कारखान्याचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या जुन्या घरात माळ्यावर आजोबांचा काळा, चांगला जड फोन सापडला. वर कुठेही नाव नाही, तळाला 'पी अँड टी' एवढीच अक्षरं. दुसरा फोन तुम्ही चोर बाजारातून घेतलात, पिरॅमिडच्या आकाराचा. दुकानदाराने 'जर्मन सिमेन्स, दुसऱ्या महायुद्धातला' म्हणून गळ्यात मारला. तिसरा न्यू जर्सीतल्या मावसभावाकडचा लाल फोन, खाली 'बेल सिस्टीम प्रॉपर्टी' लिहिलेला. शिवाय एक पितळी, उभ्या दांड्याचा फोन कुणीतरी दाखवतोय, तो घ्यावा का? आणि सगळ्यांबद्दल एकच विचारणा: हे बनवले कुणी, ते ओळखायचं कसं?

मी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर जुने फोन चालू करून द्यायचा नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. नवीन संग्राहकांची जी गल्लत नेहमी होते तीच तुमचीही झाली आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो. 'पी अँड टी' हा उत्पादक नाही, 'बेल सिस्टीम' हाही उत्पादक नाही. ही मालकांची नावं आहेत.

त्या काळात फोन कुणी विकत घेत नसे. तो कंपनीचा किंवा सरकारचा, तुमच्याकडे फक्त भाड्याने. त्यामुळे सर्वांत ठळक शिक्का असायचा तो मालकाचा: आपल्याकडे पी अँड टी म्हणजे डाक-तार खातं, इंग्लंडात जी.पी.ओ. म्हणजे तिथलं पोस्ट खातं, अमेरिकेत बेल सिस्टीम, जर्मनीत बुंडेसपोस्ट. बाणासारखी खूण दिसली तर माल लष्कराचा. ज्या कारखान्याने फोन घडवला त्याची खूण मात्र बारीक, आत, कुणाला दिसू नये अशा जागी. ग्राहकाला ती कळायची गरजच नव्हती. कळायची ती माझ्यासारख्या मेकॅनिकला, सुटा भाग मागवताना.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. आम्ही फोनला फोन म्हणत नसू, 'इन्स्ट्रुमेंट' म्हणायचो. एखादं इन्स्ट्रुमेंट डेड झालं की बदली इन्स्ट्रुमेंट लावायचं आणि जुनं उचलून आणायचं. अशी तीन जमली की त्यांतून दोन धड तयार व्हायची. एकाचा डायल, दुसऱ्याचा रिसीव्हर, तिसऱ्याची घंटी. चालला की झालं. कुठल्या कारखान्याचा डायल कुठल्या डब्याला लागला याची नोंद ठेवायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. म्हणून 'हा फोन कुणाचा' असं विचारण्याऐवजी डबा कुणाचा, डायल कुणाचा, रिसीव्हर कुणाचा, घंटी कुणाची, कंडेन्सर कुणाचा, असं सुटं सुटं विचारायचं. पाचही उत्तरं एका गावाकडे आणि एका सालाकडे बोट दाखवायला लागली तर समजा नशीब उघडलं.

आता फोन उघडायचा कसा ते. आधी धुऊ-पुसू नका. तळावर कारखान्याने शाईने मारलेला शिक्का किंवा कागदी पट्टी असते, आणि ओल्या फडक्याच्या एका हाताने ती जाते. मी स्वतः एकदा अशी पट्टी साबणाच्या पाण्यात घालवली आहे, त्यामुळे हे अनुभवाने सांगतोय. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च तळाला जवळजवळ समांतर धरा. सरळ उजेडात सपाट वाटणाऱ्या बेकलाइटमधून (म्हणजे जुन्या फोनांचं ते कडक प्लॅस्टिक) उठावाची अक्षरं वर येतात. तरीही पुसट असतील तर बोटाने थोडी खडूची पूड चोळून वरची फुंकून टाका, खाचेतली पूड राहते. स्क्रू काढण्यापूर्वी फोटो, झाकण उचलल्यावर फोटो, प्रत्येक वायर कुठे लागली आहे त्याचा फोटो.

आणि स्क्रू काढण्याआधी त्यांच्या खाचा बघा. कारखान्यातून निघाल्यापासून न हललेल्या स्क्रूची खाच धारदार असते, कडेला जुनी धूळ घट्ट बसलेली असते. खाच चेपलेली, चकाकणारी असेल तर तिथे कुणाचा तरी हात पोचला आहे. डायल काढल्यावर त्याच्या मागे बेकलाइटवर धुळीचं एक कडं दिसतं. ते कडं आणि डायलची कड जुळत नसेल तर डायल नंतर बसवलेला, हे शपथेवर सांगता येतं.

तुमच्या सांगलीच्या फोनकडे येतो. फोटोत तळाच्या आतल्या बाजूला आय.टी.आय. आणि बंगळूर ही अक्षरं मला स्पष्ट दिसतात. तुम्ही ती पाहिली नाहीत कारण झाकण उघडून तुम्ही घंटीचा फोटो काढलात आणि तळ मागे राहिला. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ साली बंगळूरला सुरू झाली, स्वतंत्र भारतातल्या अगदी पहिल्या सरकारी कारखान्यांपैकी. ती जागा पुढे दूरवाणीनगर म्हणून ओळखली जाऊ लागली. कानडीत टेलिफोनला दूरवाणी म्हणतात, आपल्या दूरध्वनीचा तो सख्खा चुलतभाऊ. तंत्रज्ञानाचा करार झाला होता तो इंग्लंडातल्या लिव्हरपूलच्या ऑटोमॅटिक टेलिफोन कंपनीशी. सुरुवातीला तिकडून भाग यायचे आणि इथे जुळणी व्हायची, मग एकेक भाग इथेच होऊ लागला. त्यामुळे सुरुवातीच्या आय.टी.आय. फोनच्या पोटात इंग्लिश खुणेचा भाग सापडला तर तो मागून घुसवलेलाच असेल असं नाही. तो जन्मापासूनचा असू शकतो.

तुमच्या डायलच्या मागे इंग्लिश शिक्का आहे असं तुम्ही लिहिलंय. मग तो मूळचा की बदललेला? वर सांगितलेली स्क्रूची आणि धुळीच्या कड्याची परीक्षा इथे लावा. आणखी एक बघा: डायलपासून निघणाऱ्या वायरींचा रंग आणि कापडी वेष्टन आतल्या बाकीच्या वायरींसारखंच आहे का? कारखान्यातली वायरिंग एका हाताची असते, वळणं सारखी, दोऱ्याने बांधलेली. आमच्यासारख्यांनी नंतर लावलेली वायर हाती लागेल त्या रंगाची आणि एक इंच जास्त लांब. (ती एक इंच जास्त लांब का, तर पुढच्या वेळी तुटली तर पुन्हा सोलता यावी म्हणून. हा आळस नव्हे, दूरदृष्टी होती असं माझं मत आहे.)

साल काढायला कंडेन्सर सर्वांत कामाचा. तो पत्र्याचा चपटा डबा असतो. त्याच्यावर दोन मायक्रोफॅरॅड वगैरे किंमत, बनवणाऱ्याची आद्याक्षरं आणि पुष्कळदा महिना-साल छापलेलं असतं. बाहेरचा डबा कितीही घासून चकचकीत करा, कंडेन्सरला पॉलिश करायला कुणी जात नाही, म्हणून तो खरं बोलतो. त्यातही एक मेख आहे: कंडेन्सर खराब होणारा भाग आहे, त्यामुळे तो बदललेला असू शकतो. तो सांगतो ते 'या सालाच्या आधीचा हा फोन या रूपात नाही', एवढंच.

आय.टी.आय.चे कारखाने पुढे नैनी, रायबरेली, श्रीनगर, पालक्काड अशा ठिकाणी झाले. नैनीचं नाव असलेला फोन १९७० च्या दशकाच्या आधीचा असू शकत नाही, कारण कारखानाच तेव्हाचा. 'ब्रिटिश काळातला फोन' म्हणून नैनीचा डबा विकणारे मी पाहिले आहेत. आणि मुंबईकरांसाठी एक तारीख: मुंबईची टेलिफोन सेवा १९४३ पर्यंत खाजगी बॉम्बे टेलिफोन कंपनीकडे होती, त्या साली सरकारने ती ताब्यात घेतली. त्यामुळे मुंबईच्या घरातला फोन खरोखर १९४३ च्या आधीचा असेल तर तो पी अँड टी शिक्क्याने जन्मलेला नाही. शिक्का असेल तर तो नंतर पडला, किंवा फोनच नंतरचा.

तुमच्या आजोबांच्या फोनचा आकार ब्रिटिश ३३२ च्या वळणाचा आहे. हे ३३२ प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे सापडणाऱ्या निम्म्या काळ्या फोनांची वंशावळ तिथे जाते. स्वीडनच्या एरिक्सनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एक बेकलाइट फोन काढला. आकार नॉर्वेच्या जाँ हायबर्ग या कलावंताने दिला आणि आतलं यंत्र योहान क्रिस्तियान ब्येर्कनेस या अभियंत्याने बसवलं. घंटी पोटातच, अंग तिरपं, रिसीव्हर आडवा. त्याच घडणीवरून इंग्लंडच्या पोस्ट खात्याने १९३७ मध्ये ३३२ आणला. तळाला एक छोटा खण, त्यात नंबर लिहायचं कार्ड. तुमच्या फोनला तो खण आहे का ते बघा, असेल तर हळूच ओढा. आतलं कार्ड आजोबांच्या अक्षरातलं असू शकतं.

आता मेख अशी की ३३२ एकट्या एरिक्सनने बनवला नाही. पोस्ट खातं आराखडा द्यायचं आणि कंत्राटं वाटायचं: नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनची एरिक्सन टेलिफोन्स, लिव्हरपूलची ऑटोमॅटिक टेलिफोन, कॉव्हेंट्रीची जी.ई.सी., वुलिचची सिमेन्स ब्रदर्स, लंडनची एस.टी.सी., सेंट मेरी क्रेची टी.एम.सी. सगळ्यांचे फोन बाहेरून अगदी एकसारखे, एकाचं झाकण दुसऱ्यावर बसेल असे. म्हणून आकार पाहून 'हा एरिक्सन' म्हणणं म्हणजे शाळेचा गणवेश पाहून मुलाचं आडनाव सांगणं. तळावरच्या ओळीत संचाचा क्रमांक, त्यापुढे सुधारणेचं इंग्रजी अक्षर, मग कारखान्याची खूण आणि सालाचे आकडे असतात. रिसीव्हरची वेगळी ओळ असते, त्यावर १६४ हा त्याचा स्वतःचा क्रमांक. लोक १६४ वाचून फोनचं मॉडेल १६४ समजतात. तसं मॉडेल नाही. तो फक्त चोंग्याचा नंबर, आणि तोच चोंगा १६२, २३२, ३३२ तिघांनाही चालतो.

पोस्ट खात्याचे स्वतःचे दुरुस्ती कारखानेही होते. तिथून फोन नवा होऊन निघाला की त्याला नवं साल मिळे. तळावर एक साल आणि चोंग्यात दहा वर्षं आधीचं साल दिसलं तर लगेच कुणी फसवलं म्हणून चिडू नका.

तर तुमचा चोर बाजारातला पिरॅमिड. तो १६२ किंवा २३२ या कुटुंबातला आहे. १६२ हा १९२९ चा, सिमेन्स ब्रदर्सने घडवलेला. मग दुकानदार बरोबर होता का? अर्धा. सिमेन्स ब्रदर्स ही लंडनची कंपनी, तिचा वुलिचचा कारखाना १८६३ चा. जर्मन सिमेन्स घराण्यातूनच ती निघाली खरी, पण पहिल्या महायुद्धानंतर ती इंग्लिश कंपनी म्हणूनच राहिली. जर्मनीतले सरकारी फोन निराळे, त्यांची नावं डब्ल्यू २८, डब्ल्यू ४८ अशी. डब्ल्यू ४८ सुद्धा सिमेन्सखेरीज हागेनुक, क्रोने, डेटेवे अशा बऱ्याच कारखान्यांनी बनवला. तेव्हा 'सिमेन्स' वाचलं की लगेच हिटलर आठवायची गरज नाही. आपल्या बाजारात आलेला सिमेन्स बहुतेक वेळा टेम्सकाठचा असतो, बर्लिनचा नव्हे. 'एरिक्सन'चंही तेच. आपल्याकडचा बहुतेक एरिक्सन बीस्टनचा, स्टॉकहोमचा नव्हे.

तुमचा सिमेन्सच आहे की दुसऱ्या कुणी बनवलेला, हे आत पाहिल्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही, कारण पिरॅमिडही पुढे सगळ्या कंपन्यांनी बनवला. पोटात घंटी नसेल, नसणारच, ती वेगळ्या डब्यात असायची. आतल्या पट्टीवर, डायलच्या पाठीवर आणि चोंग्याच्या आतल्या बाजूला आद्याक्षरं शोधा. जी.ई.सी., टी.एम.सी. सरळ वाचता येतात. बाकीच्या एका-दोन अक्षरी खुणा संग्राहकांनी केलेल्या याद्यांशी ताडून बघाव्या लागतात, आणि तिथे घाई करू नका. एकाच अक्षराचा अर्थ वेगवेगळ्या काळात वेगळा होता, कारण कंपन्या एकमेकींना गिळत गेल्या. लिव्हरपूलची ऑटोमॅटिक आणि बीस्टनची एरिक्सन दोन्ही १९६१ मध्ये प्लेसीने घेतल्या. सिमेन्स ब्रदर्स आधी ए.ई.आय.मध्ये गेली, मग १९६७ मध्ये ती ए.ई.आय.च जी.ई.सी.ने घेतली. म्हणून १९५५ सालच्या म्हटल्या जाणाऱ्या फोनवर 'प्लेसी' दिसलं की साल किंवा भाग, दोन्हींपैकी एक खोटं असण्याची शक्यता मोठी.

सजावटीच्या दृष्टीने पिरॅमिड सर्वांत देखणा आहे, हे माझं वैयक्तिक मत. दुकानदाराने कथा खोटी सांगितली तरी वस्तू खोटी नाही. फक्त बेकलाइट आहे का ते तपासा. अंगठ्याने एक कोपरा जोरात घासा, गरम होईपर्यंत, आणि लगेच नाकाला लावा. कार्बोलिक साबणासारखा, दवाखान्यासारखा वास आला तर बेकलाइट. नखाने टिचकी मारली तर आवाज कोरडा, ठक्कन येतो. आजकालचं प्लॅस्टिक घासून असा वास येत नाही. रंगीत पिरॅमिड किंवा ३३२ कुणी दाखवला, लाल, हिरवा, हस्तिदंती, तर आतली बाजू बघा. आत काळं आणि बाहेर लाल असेल तर तो रंगवलेला आहे. खरे रंगीत फोन आरपार त्याच रंगाचे.

डायलवर एक वेगळा परिच्छेद हवाच, कारण देश ओळखायचा सर्वांत झटपट मार्ग तोच. सहाच्या भोकाखाली इंग्रजी अक्षरं काय आहेत ते बघा. एम-एन-ओ असेल तर अमेरिकेचा वंश. नुसतं एम-एन आणि ओ हे अक्षर शून्यापाशी गेलेलं असेल तर इंग्लंड किंवा फ्रान्स. अक्षरंच नाहीत, नुसते आकडे, तर आय.टी.आय.चा असण्याची शक्यता मोठी, तुमच्या आजोबांच्या फोनसारखी. आकड्यांचा क्रम शून्यापासून सुरू होत असेल, म्हणजे एकच्या जागी शून्य, तर स्वीडन. क्रम उलटा असेल, म्हणजे एक-दोन-तीनच्या जागी नऊ-आठ-सात, तर न्यूझीलंड, किंवा मग नॉर्वेतलं ऑस्लो. हे गंमत म्हणून नव्हे. एकदा एका हौशी माणसाने मला न्यूझीलंडची तबकडी लावलेला फोन आणून दिला, 'चुकीचे नंबर लागतात' म्हणून. आतली चक्रं आपली साधी, आकड्यांची तबकडी मात्र तिकडची, उलट्या क्रमाची! कुणीतरी फक्त तबकडी बदलली होती. तो तीन फिरवायचा आणि एक्सचेंजला सात ठोके जायचे.

आता तुमच्या मावसभावाचा लाल फोन. बेल सिस्टीम मालक, आणि तिचा घरचा कारखाना वेस्टर्न इलेक्ट्रिक. तळाला त्याचं नाव असणारच, मॉडेल ५००. अमेरिकन फोनचा एक फायदा आहे जो ब्रिटिश फोनला नाही: जवळजवळ प्रत्येक भागावर तारीख. तळाच्या पत्र्यावर, झाकणाच्या आत साच्यातच उमटलेली, रिसीव्हरच्या दांड्यात, कानाच्या आणि तोंडाच्या कॅप्सूलवर, घंटीवर, डायलच्या मागे. मावसभावाला सांगा की सगळ्या एका कागदावर लिहून काढ. दोन-चार महिन्यांच्या आत सगळ्या आल्या तर फोन एका जन्माचा. तारखा पाच-सात वर्षं पसरल्या तर तो दुरुस्त होऊन परत बाहेर पडलेला. लाल रंगावरूनही एक शंका घ्या. मॉडेल ५०० आला १९४९-५० च्या सुमारास, फक्त काळा. रंगीत नंतर, १९५४ च्या आसपास. तेव्हा लाल झाकणाखाली १९५१ चा तळ निघाला तर ते लग्न नंतर लावलेलं आहे.

तिथेही मालक-कारखाना गोंधळ आहेच. बेल सिस्टीमच्या बाहेर अमेरिकेत शेकडो छोट्या टेलिफोन कंपन्या होत्या, आणि त्यांना फोन द्यायच्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक, स्ट्रॉमबर्ग-कार्लसन, केलॉग. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर वेस्टर्न इलेक्ट्रिकची पेटंटं इतरांना खुली झाली आणि मग स्ट्रॉमबर्ग-कार्लसन, आय.टी.टी. यांनी ५०० सारखेच फोन काढले. बाहेरून ओळखूच येत नाहीत. तळ उलटा केला की कळतं. कॅनडातला असेल तर नॉर्दर्न इलेक्ट्रिक.

याहून बनेल प्रकार म्हणजे ५३०२. बेलकडे जुने ३०२ फोन ढिगाने होते, आणि ग्राहकांना हवा होता नवा ५००. मग त्यांनी जुन्या ३०२ च्या तळावर ५०० सारखं दिसणारं झाकण बसवून तोच फोन पुन्हा पाठवला. कारखान्यानेच केलेली ही बनवाबनवी. वरून १९५० चं दशक, आतून युद्धापूर्वीचं यंत्र. ओळखायची खूण हीच की तळ ५०० च्या झाकणाच्या मानाने चौकोनी आणि आखूड वाटतो. आमच्या तीनातून दोन करण्याच्या हिशेबाला अमेरिकेतही भाऊबंद होते हे पाहून मला बरं वाटलं होतं.

राहिला पितळी, उभ्या दांड्याचा. घेऊ नका. निदान 'जुना' म्हणून घेऊ नका. मुरादाबाद आणि रूरकीच्या बाजूला असे पितळी फोन नव्याने बनतात, सजावट म्हणून छान दिसतात आणि सजावट म्हणून विकले तर माझी काही तक्रार नाही. ओळखायला पाच मिनिटं लागतात. पहिली खूण स्क्रूची: डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल तर संपलं. तशा फिलिप्स स्क्रूचं पेटंटच १९३० च्या दशकातलं आहे आणि उभ्या दांड्याच्या फोनांचा जमाना तोवर ओसरला होता. दुसरी: डायलच्या भोकांत खरी चक्ती फिरते की भोकांच्या जागी बटणं आहेत ते दाबून बघा. तिसरी: चकाकी. शंभर वर्षं हाताळलेल्या पितळेची झीज फक्त हात लागतो तिथे असते, दांड्याच्या मधल्या भागात आणि हुकाच्या टोकाला. नव्यावर 'जुनं' करायला लावलेला काळपटपणा सगळीकडे सारखा, अगदी खालच्या ताटलीच्या आतसुद्धा. आणि वर एखाद्या नामांकित कंपनीचं नाव मोठ्या, वळणदार अक्षरात कोरलेलं असेल तर उलट जास्त संशय घ्या. वर सांगितलंच आहे की खरे कारखाने आपलं नाव असं मिरवत नसत.

मीही फसलेला आहे, म्हणून हा तोरा. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी मी साडेतीन हजार रुपये मोजून एक 'स्वीडिश एरिक्सन' घेतला. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरात नाव, थोडं खरवडलेलं, अगदी खरं वाटावं असं. घरी येऊन ओल्या कापसाने नाव नुसतं टेकवलं तर सोनं कापसावर आलं. उघडलं तर आत काय, जिथे तीस वर्षं हात घातले तेच ओळखीचं बंगळूरचं पोट. तळाच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने फॉल्टची तारीख आणि एक सही केलेली होती. आमच्यातल्याच कुणाची. तो फोन अजून माझ्याकडे आहे, चालू आहे, आणि विकायचा नाही.

चालू करायचा विषय निघालाच आहे तर: तुमच्या आजोबांचा फोन सरळ लाइनवर लावू नका. एक्सचेंजची लाइन साधारण ५० व्होल्टची डी.सी., पण घंटी येते तेव्हा ७५ ते ९० व्होल्टची ए.सी. येते, आणि साठ वर्षांच्या कापडी वायरीचं वेष्टन हातात भुगा होऊन येतं. आधी वायरी तपासा. शिवाय आजच्या फायबरच्या डब्यांना डायलचे ठोके पुष्कळदा कळतच नाहीत. घंटी वाजेल, बोलता येईल, पण नंबर फिरवता येणार नाही. त्याला उपाय आहेत, पण तो वेगळा विषय.

तर मला पुढचं सांगायला चार फोटो हवेत. सांगलीच्या फोनच्या तळाचा आतून, टॉर्च आडवा धरून. त्याच्या डायलची पाठ, स्क्रूसकट, आणि डायलमागचं धुळीचं कडं. कंडेन्सरवरची छापील ओळ. आणि पिरॅमिडच्या चोंग्याचं तोंडाकडचं झाकण फिरवून काढलं की आत दिसणारी अक्षरं. ते झाकण जाम झालं असेल तर पकड लावू नका, बेकलाइट तडकतं. रबरी हातमोजा घालून फिरवा, सुटतं.